युरोपातल्या फ्रिजला अवजड उद्योगाचा दर्जा मिळण्याबाबत

प्रति,
मा. आयुक्त मंडळ, युरोपियन कमिशन,
बर्लेमाँ इमारत, ब्रसेल्स

स.न.वि.वि.

युरोपातल्या तमाम घरगुती फ्रिजांच्या वतीने हा अर्ज करीत आहे. वकीलपत्र कोणी दिलेलं नाही. पण पोलादाची, सिमेंटची, खतांची बाजू मांडायला आपल्या शहरात पगारी माणसं आहेत. खालच्या कप्प्यात मऊ पडलेल्या काकडीच्या वतीने बोलणारं कोणी दिसेना, म्हणून हा आगाऊपणा.

प्रथम अभिनंदन. अन्नाची नासाडी आपण मनावर घेतलीत. २०२२ साली युरोपियन युनियनमध्ये माणशी १३२ किलो अन्न वाया गेलं, त्यातलं ७२ किलो घराघरांत. २०२५ च्या नव्या कायद्याने सदस्य देशांना लक्ष्य दिलं आहे: २०३० अखेर दुकानं, हॉटेलं आणि घरं मिळून माणशी नासाडी ३० टक्क्यांनी घटली पाहिजे. अन्नप्रक्रिया कारखान्यांत १० टक्क्यांनी. शेतावर जे सडतं त्याला लक्ष्यच नाही. अन्न जसजसं ताटाजवळ येतं तसतसा आपला कायदा कडक होत जातो, हे काही नजरेतून सुटलं नाही.

आता पोलाद-सिमेंटच्या भट्ट्यांकडे वळतो. २००५ पासून आपल्याकडे कार्बनचा बाजार आहे. धूर सोडायचा तर परवाना हवा. पोलाद-सिमेंटवाल्यांना मात्र यातले बहुतेक परवाने फुकट मिळत आले, कारण महाग पडलं तर ते चंबूगबाळं आवरून परदेशी जातील अशी आपल्याला धास्ती. म्हणून २०२६ पासून बाहेरच्या मालावर सीमेवरच कार्बनचा आकार बसवलात आणि त्या बदल्यात फुकट परवाने बंद करायचं ठरवलंत. कधी? २०३४ पर्यंत, सावकाश. पहिल्या वर्षी कपात अडीच टक्के. २०३० मध्येही निम्म्याहून थोडे जास्तच, ५१.५ टक्के, फुकट. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला फ्रिजची परीक्षा आहे. फ्रिजची चूक एवढीच, की ‘मी तुर्कस्तानात निघून जाईन’ अशी धमकी त्याला देता येत नाही.

रोख मदतीचं तर विचारूच नका. डुईसबुर्गच्या थायसेनक्रुपला कोळशाऐवजी हायड्रोजनवर पोलाद बनवण्यासाठी जर्मन तिजोरीतून २ अब्ज युरोंपर्यंत द्यायला आपण जुलै २०२३ मध्ये संमती दिलीत. आर्सेलर मित्तलच्या तशाच प्रकल्पासाठी ब्रेमेन आणि आयसेनह्युटेनश्टाट इथे १.३ अब्ज युरो तयार होते; जून २०२५ मध्ये कंपनीने ‘नको, परवडत नाही’ म्हणून तो प्रकल्पच सोडून दिला. मदत घेणंसुद्धा परवडत नाही, असा गरीब आम्ही प्रथमच पाहिला. आमच्या मुंबईच्या टाटा स्टीलचा आयमाउडेनचा कारखानाही आहेच. सप्टेंबर २०२५ मध्ये डच सरकारने त्याला २ अब्ज युरोंपर्यंत मदत देण्याचा इरादा कागदावर मांडला. तेव्हा या परिच्छेदात आवाज जरा खाली ठेवतो.

कोळशाची भट्टी विझवून पोलादाची नवी वाट धरणं हा पोरखेळ नव्हे, हे कबूल. त्याला पैसा लागतो, मुदतही लागते. मग स्वयंपाकघराला काय लागतं?

दह्याच्या डब्यापासून सुरुवात करा. एका डब्यावर ‘अमुक तारखेपर्यंत उत्तम’, शेजारच्या मांसाच्या पाकिटावर ‘अमुक तारखेच्या आत खा’. पहिल्याची तारीख उलटली तरी वास घेऊन, चव बघून दही खाता येतं. दुसऱ्याच्या बाबतीत धाडस करू नये. रात्री दमून आलेला माणूस दोन्ही कचऱ्यात टाकतो. नासाडीतला १० टक्क्यांपर्यंतचा वाटा तारखांशी निगडित आहे, असा अंदाज खुद्द कमिशनच्याच अभ्यासाचा. डब्यावरची शाई बदलायला हायड्रोजन लागत नाही.

आणि ती काकडी. १९८८ च्या आपल्या नियमात वरच्या दर्जाच्या काकडीला दहा सेंटिमीटरमागे दहा मिलिमीटरच वाकण्याची मुभा होती. जुलै २००९ मध्ये नियम रद्द केलात, सुटली बिचारी. पण मोठी दुकानं स्वतःच्या खरेदीच्या अटींत माल अजून देखणाच मागतात. नाकारलेला माल शेतावरच राहतो, आणि तिथे लक्ष्य नाही. खाणाऱ्याच्या नजरेसही न पडलेल्या भाजीचा हिशोब कोणाच्याच नावावर नाही.

तरी फ्रिजला अवजड उद्योगाचा दर्जा, २०३४ पर्यंत मुदत आणि पहिल्या वर्षी अडीच टक्के कपात मंजूर व्हावी. हे जमत नसेल, तर निदान शेताच्या बांधावर आणि दुकानांच्या खरेदी-विभागात एकेक लक्ष्य नेऊन ठेवावं.

कळावे, लोभ असावा.

ता. क. – मार्च २०२४ मध्ये युरोपियन संसदेने कारखान्यांसाठी किमान २० आणि दुकानं-हॉटेलं-घरांसाठी ४० टक्के मागितले होते. शेवटी आपलेच १० आणि ३० कायम राहिले. कारखान्यांना संसदेच्या मागणीच्या निम्म्यावर सोडलंत, आम्हाला पाऊणवर.