मधल्या सीटवरून स्पिती

सुमोच्या मधल्या रांगेत मधोमध बसणाऱ्याला हिमालय दिसत नाही. डावीकडच्याचा कान दिसतो, उजवीकडच्याची माकडटोपी दिसते आणि आरशाला बांधलेल्या रंगीत पताका दिसतात. सिमल्याहून किन्नौरमार्गे स्पितीला निघालेल्या आमच्या मंडळींनी सफरचंदाच्या बागा संपायच्या आत ठराव केला की जागा रोज बदलायच्या. ठराव एकमताने मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी नाशिकचे निवृत्त बँक मॅनेजर पहाटे पाचलाच खिडकीत जाऊन बसले होते. “मला मळमळतं,” एवढंच म्हणाले. मळमळीपुढे लोकशाहीचं काही चालत नाही.

सतलज सोडून गाडी स्पिती नदीच्या अंगाने चढू लागली की झाडं एकेक करून रजा घेतात. नाकोच्या पुढे डोंगर उघडेबोडके. तांबूस, पिवळट, राखी. पावसाळी ढग दक्षिणेकडच्या रांगांवरच रिकामे होतात आणि इकडे नुसता वारा पोचतो. सांगलीच्या सरांची सगळी नोकरी भूगोल शिकवण्यात गेलेली. “पर्जन्यछाया! आपला माणदेश तसाच हा!” त्यांनी गाडीभर जाहीर केलं. शास्त्र बरोबर होतं. फक्त म्हसवडला वाक्य पुरं करण्याआधी दोनदा श्वास घ्यावा लागत नाही, आणि सरांना तो लागला.

ग्यूला एका भिक्षूची बसलेल्या स्थितीतली ममी आहे. १९७५च्या भूकंपानंतर सापडलेली, सुमारे पाचशे वर्षांची, काचेआड ठेवलेली. मंडळी हात जोडून गप्प उभी राहिली. मग डोंबिवलीच्या वहिनी पुढे वाकल्या. “अहो, यांचे दात बघा. आणि आमच्या ह्यांचे बघा!” ‘हे’ मागेच शेंगदाण्याच्या चिक्कीशी झुंजत होते. त्यांनी चिक्की मुकाट्याने खिशात घातली.

ताबोचा मठ इ.स. ९९६चा, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या जवळजवळ तीनशे वर्षं आधीचा. आतल्या भिंती चित्रांनी भरलेल्या, उजेड अगदी कमी आणि फोटोला मनाई. तिथे आमची मंडळी खऱ्या अर्थाने काहीतरी बघत होती, कारण दुसरं काही करताच येत नव्हतं. माझ्या मते अशी मनाई आख्ख्या स्पितीला लागू करावी.

काझाच्या वर मात्र सगळा विक्रमांचा प्रदेश. कोमिकला पाटी आहे की मोटाररस्त्याने जोडलेलं हे जगातलं सर्वात उंच गाव. चिचमचा पूल आशियात सर्वात उंच म्हणवतो. हिक्किमचं पोस्ट ऑफिस १९८३ पासून सुमारे ४,४०० मीटरवर चालू आहे आणि तेही जगात पहिलं म्हणवतं. हा दावा आमच्या टूर मॅनेजरने इतक्यांदा ऐकवला की शेवटी बँकवाल्या मॅनेजर काकांनी हाफत विचारलं, “जगातला सर्वात उंच संडास कुठे आहे तेवढं सांगा.” तो पोस्टाच्या खाली, उतारावर निघाला. म्हणजे परत येताना चढ.

पोस्टात प्रत्येकाने स्वतःच्याच घरी पत्र पाठवलं. काकांनी सोसायटीच्या सेक्रेटरीला पाठवलं. पार्किंगची तक्रार होती. पिनकोड लिहिता लिहिता ते दोनदा थांबले. या उंचीचा एक फायदा सांगायला हवा: भांडायला जो दम लागतो तो इथे मिळत नाही. खालच्या घाटात अर्धा तास चालणारा खिडकीचा वाद हिक्किमला दोन वाक्यांत आटोपला आणि दोन्ही पक्ष घोटघोट पाणी पीत बसले.

लांगझाला पोरं दगड घेऊन आली. दगडावर शिंपल्याची चक्राकार नक्षी. वहिनींनी कपाळाला हात लावला, “अगंबाई, शाळिग्राम!” सरांना कंठ फुटला: इथे कोट्यवधी वर्षांपूर्वी टेथिस समुद्र होता, भारताचा भूखंड येऊन आदळला, समुद्राचा तळ वर उचलला गेला, हे त्यातल्या जीवांचे अवशेष. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि पोराला विचारलं, “कितने का दिया?” ड्रायव्हरने मध्ये पडून ते दगड नेऊ नका म्हणून बजावलं, तेव्हा कुठे समुद्र जागच्या जागी राहिला.

हा ड्रायव्हर स्पितीचाच, विशीतला, बोलणं कमी. त्याची एकच अट: काझाहून पहाटे निघायचं. आमचं म्हणणं, पोहे खाऊन निघू. “अंकलजी, नाला पोहा नहीं देखता,” तो म्हणाला. कुंझुम खिंडीतल्या देवीच्या मंदिराला गाडीसकट प्रदक्षिणा घालून आम्ही पलीकडे उतरलो तेव्हा त्याचा अर्थ कळला. त्या बाजूला रस्ता म्हणजे नदीने टाकून दिलेले गोटे. वरचं बर्फ उन्हाने वितळतं, म्हणून सकाळी घोटाभर असलेला नाला दुपारी चाकं बुडवतो. आमच्या मागून पोहे खाऊन निघालेली एक गाडी नाल्याच्या पलीकडच्या काठावर अडकलेली आम्ही पाहिली. सगळ्यांनी खिडकीतून हात हलवला. त्यात सहानुभूती किती होती ते विचारू नका.

चंद्रताल सुमारे ४,२५० मीटरवर आहे. तंबू तळ्यापासून लांब लावतात, तळ्याच्या भल्यासाठी, आणि ते योग्यच आहे. रात्री चहा उकळत होता तरी कोमट लागत होता. इथे पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं, असं सरांनी सांगितलं. एव्हाना त्यांना कुणी अडवत नव्हतं. अडवायलाही श्वास लागतो.

तुम्हाला जायचं असेल तर सिमल्याकडून चढा. कल्पा, नाको, ताबो असं करत उंची हळूहळू अंगवळणी पडते. मनालीहून अटल बोगद्यातून निघालात तर एका दिवसात कुंझुमच्या साडेचार हजार मीटरवर पोचता, डोकं ठणकायला लागतं आणि पुढचा मुक्काम रजईत जातो. कुंझुम हिवाळाभर बर्फाने बंद असतो आणि बहुधा जूनमध्येच उघडतो, त्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीत पूर्ण फेरी मारायचा बेत करू नका. रोख पैसे जवळ ठेवा. आणि ड्रायव्हर पाचला निघू म्हणाला तर पावणेपाचला गाडीत बसा.