पन्नास टक्के ट्रॅक

धाराशिवात मोटारसायकलचा टायर घ्यायला गेलेला माणूस दुकानदाराला तीन गोष्टी विचारतो. कितीला, किती चालंल आणि जुन्याचे किती देणार. चौथी गोष्ट फक्त आमचे दादा विचारतात, "ट्रॅकवर कसाय?"

सगळे त्यांना ट्रॅकवाले दादा म्हणतात. खरं नाव रेशन कार्डावर आणि एका पतसंस्थेच्या हजेरीपटावर आहे. असा एक दादा हल्ली प्रत्येक तालुक्याच्या गावाला मिळतो. तुळजापुरात आहे, उमरग्यात आहे. कळंबमध्ये दोन आहेत आणि त्यांचं आपसात बोलणं नाही, कारण एक रेडियलवाला आहे आणि दुसरा नायलॉनवाला. वय चाळिशीला टेकलेलं, पुण्याहून आणलेली सेकंड हँड ड्यूक, मे महिन्यातसुद्धा अंगात जाकीट आणि खिशात कायम एक हवा मोजायचा गेज. घड्याळ विसरतील, गेज नाही.

ट्रॅक म्हणजे मोटारसायकलच्या शर्यतीचा ट्रॅक, हे आमच्याकडे फोडून सांगावं लागतं. नाहीतर ट्रॅक म्हटलं की पोरांना तुळजाभवानी स्टेडियम आणि पोलीस भरतीचे सोळाशे मीटर आठवतात. दादांच्या डोळ्यांपुढचे ट्रॅक वेगळे. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला एक आहे, ३.७ किलोमीटरचा. कोइम्बतूरला कारी मोटर स्पीडवे आहे. ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किट आहे, तिथं २०११ साली फॉर्म्युला वन झाली. यातला कुठलाही ट्रॅक गाठायचा तर कमीत कमी एक अख्खा दिवस नुसतं पळायचं. कोल्हापूरच्या बाजूला एक छोटा ट्रॅक आहे, पण त्याला दादा ट्रॅक मानत नाहीत. तिथं जाणं शक्य आहे, एवढाच त्याचा दोष.

तर दादांना टायर हवा असतो तो "पन्नास टक्के रोड, पन्नास टक्के ट्रॅक." रोडचे पन्नास टक्के म्हणजे घर ते पतसंस्था, शनिवारचा बाजार आणि सणासुदीला सासुरवाडी. ट्रॅकचे पन्नास टक्के अजून यायचे आहेत. या न आलेल्या पन्नास टक्क्यांसाठी दादांनी जो अभ्यास केलाय, तो मात्र खोटा नाही. रबर मऊ असलं की रस्ता धरून ठेवतं पण लवकर झिजतं. कडक असलं की टिकतं पण वळणावर दगा देतं. म्हणून दोन्हीकडे चालणाऱ्या टायरला मधला पट्टा कडक आणि कडा मऊ ठेवतात. सरळ रस्त्यावर मधला पट्टा झिजतो आणि गाडी वाकवली की कडा कामाला येतात. निव्वळ शर्यतीचा टायर तापल्याशिवाय पकड घेत नाही, म्हणून तिकडे शर्यतीआधी टायरला विजेचं पांघरूण घालून ८०-९० अंशांपर्यंत तापवतात. हे सगळं दादा पानाच्या टपरीवर उभं राहून सांगतात आणि टपरीवाला चुना लावता लावता "व्हय व्हय" म्हणतो. पांघरुणाचं ऐकल्यावर मात्र तो एकदा थांबला होता. म्हणाला, "आपल्याकडं एप्रिलात गाडी उन्हात लावली तर होतंय की तेवढं."

दादांना हे पटलं. उन्हाचं निघालंच आहे तर, २०२३ च्या सप्टेंबरात बुद्ध सर्किटवर मोटोजीपी ही मोटारसायकलची शर्यत झाली, तेव्हा उकाड्यामुळे मुख्य शर्यत २४ वरून २१ फेऱ्यांवर आणली होती. बेझेकी नावाचा रायडर जिंकला. दादा ती शर्यत जाकीट घालून बघत होते. फेऱ्या कमी केल्याचं कळलं तेव्हा ते टीव्हीला उद्देशून म्हणाले, "तीन फेऱ्या कमी? ह्यांला एकदा मे महिन्यात परंड्याला पाठवा."

आता चिकन स्ट्रिपचं प्रकरण. टायरच्या दोन्ही कडांना जो कधीच रस्त्याला न लागलेला, नवाकोरा पट्टा उरतो त्याला बाइकवाले हे नाव देतात. गाडी जितकी वाकवाल तितका तो बारीक होतो. ज्याचा पट्टा रुंद, त्याची पत कमी. दादांचा पट्टा चांगला दोन बोटं. पण यात दादांचा काय दोष? आमचा सोलापूर-धुळे महामार्ग चारपदरी झाल्यापासून इतका सरळसोट आहे की हँडल धरायचं ते केवळ सवय म्हणून. वळण हवं असेल तर येडशीचा घाट गाठावा लागतो. तिथं दादा दर रविवारी जातात. गुडघा टेकवायचा म्हणून शरीर बाहेर काढतात, गाडी मात्र ताठच राहते. तिथल्या रामलिंगच्या माकडांना हे आता पाठ झालंय. दादा वळणावर आले की ती कठड्यावर ओळीनं बसतात.

अखेर एका सकाळी दादा अंगणात गाडी स्टँडवर लावून मागच्या चाकाशी उकिडवे बसले. हातात पॉलिश पेपर. एक हात चाक हळूहळू फिरवतोय, दुसरा कडेला खसाखसा घासतोय, आणि खाली फरशीवर रबराचा काळा चुरा पडतोय. पट्टा संपत आल्यावर त्यांनी अंगठ्यानं कड चाचपली आणि समाधानानं फुंकर मारली. वहिनी दारात आल्या.

"काय घासायलाव ओ?"

"टायर."

"मग पॉलिश पेपर उरला तर कढई पण आणून देते."

दुसऱ्या दिवशी पतसंस्थेसमोर गाडी अशा कोनात लावली होती की येणाऱ्या-जाणाऱ्याला कड दिसलीच पाहिजे. कर्जदारांनी पाहिली. एकानं विचारलंसुद्धा, "दादा, टायर कशानं खाल्ला ओ? अलाइनमेंट बघून घ्या."

माझं मत विचाराल तर टायरची खरी परीक्षा आमच्याच रस्त्यावर होते. ट्रॅकवर डांबर झाडून घेतात, एखाद्यानं ऑइल सांडलं तर झेंडे दाखवतात. आमच्याकडे दसरा-दिवाळीच्या सुमाराला सोयाबीन निघतं आणि रस्त्याची अर्धी बाजू खळं होते. त्या दाण्यांवर ब्रेक मारून बघावा. मिशेलिन असो, पिरेली असो, एमआरएफ असो, सगळे सारखेच घसरतात. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या आणि त्यांतून गळालेली कांडकी. पावसाळ्यात शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरनं रस्त्यावर आणलेली काळी माती. ती टायरच्या खाचांत अशी बसते की पाच मिनिटांत टायर सपाट गुळगुळीत, म्हणजे दादांच्या भाषेत स्लिक. स्लिक टायर रस्त्यावर चालवायला परवानगी नसते, कारण पाणी बाहेर काढायला त्याला खाचाच नसतात; पण काळ्या मातीला नियम कोण सांगणार? आणि बाराही महिने वेडी बाभूळ. मऊ रबर आणि बाभळीचा काटा एकमेकांना दुरूनच ओळखतात.

त्यामुळे दादांचं खरं येणंजाणं टायरच्या शोरूमपेक्षा बायपासच्या पंक्चरवाल्या अण्णांकडे जास्त. अण्णा मूळचे पालघाटचे, केरळातले. इथं इतकी वर्षं काढली की आता हिंदी मराठवाड्याच्या हेलात बोलतात. काटा कुठं आहे ते बघायला मशीन वगैरे नाही. बोटाला थुंकी लावायची, संशयित जागेवर ठेवायची, बुडबुडा आला की सुई खुपसायची, दोरी भरायची, वरचं शेपूट ब्लेडनं कापायचं. एकदा दोरी भरून घेता घेता दादांनी अण्णांना कोइम्बतूरच्या ट्रॅकची महती ऐकवली. वळणं किती अवघड, टायर कसा तापतो. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं.

"हमारे घर से पास में है वो," ते म्हणाले. "मैं देखा ना."

दादांच्या हातातला गेज थांबला. "ट्रॅक बघितलाव तुम्ही?"

"बचपन से उधर आना-जाना. मौसी कोइम्बतूर में ना."

"मग टायर कुठला वापरायलेत तिकडं?"

अण्णांनी शेपूट कापलं. "गोल."

त्या दिवसापासून दादा अण्णांना 'सर' म्हणतात.

एक गोष्ट दादांच्या बाजूनं सांगितलीच पाहिजे. त्यांच्यामुळे आमच्या गल्लीत जुना टायर कुणाच्या गळ्यात पडत नाही. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा एक शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२४ असेल तर टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. दुकानदार "नवाच माल हाय" म्हणाला की दादा मोबाइलचा टॉर्च लावून शिक्का वाचतात आणि चार वर्षांचं रबर शेल्फवर कसं वाळतं ते गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं सांगतात. काही दुकानदार दादांना बघितलं की शटर अर्धं ओढतात.

दादा वाचत नाहीत असा आकडा एकच, तो म्हणजे त्यांच्याच टायरवरचा ५४एस. त्यातला एस दादांना तोंडपाठ आहे, म्हणजे टायर ताशी १८० पर्यंत चालवायला योग्य. पण त्याच्या आधीचा ५४ म्हणजे टायर २१२ किलो वजन झेलू शकतो, याच्याशी त्यांना काही घेणं नाही. वहिनींना आहे. दर शनिवारी बाजाराहून येताना त्या, दोन्ही पोरं, कांद्याची पिशवी आणि दळणाचा डबा हा सगळा हिशेब त्या ५४ वरच बसतो. वेग त्या वेळी ताशी २५.

दादांच्या वर्षातला सर्वांत हळवा दिवस म्हणजे अश्विन पौर्णिमा. सोलापूरहून लाखो माणसं रात्रभर चालत आईच्या दर्शनाला तुळजापूरला येतात आणि तो रस्ता गाड्यांना बंद असतो. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर मोकळं डांबर, वाहतूक नाही, पोलीस बंदोबस्त, शेवटी चढणीची वळणं. दादा स्वतः अनवाणी चालत असतात. पण तुळजापूरच्या घाटात आले की पावलं थबकतात, वळणाचा आतला काठ नजरेनं मोजतात आणि शेजाऱ्याला हळूच म्हणतात, "सर्किट काय करून ठेवलंय बघ आईनं." शेजारी हात जोडतो. त्याला वाटतं, दादांना देवी दिसली.

परवा अण्णांकडे गर्दी होती. एक पोरगं स्प्लेंडरचा मागचा टायर बदलायला आलेलं. दादांनी सवयीनं शिक्का वाचला, बरा होता. मग पोराकडे वळले.

"ट्रॅकला जायचंय का?"

"न्हाई, डेअरीला. दोन टायमाला. चाळीस लिटरचे दोन कॅन असत्यात मागं."

"घाटात किती वाकवतोस?"

"वाकवली तर दूध सांडतंय, दादा."

दादांनी टायर उचलून उन्हात धरला, आजूबाजूनं फिरवून पाहिला. या खेपेला पहिल्यांदाच त्यांनी वेगाच्या अक्षराकडे न बघता आधीचा, वजनाचा आकडा बघितला.

"सर," ते अण्णांना म्हणाले, "ह्याला मधला पट्टा कडकवाला द्या. कडा कशा का असंना."