खड्ड्यात जाण्याचं नियोजन

कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानाची सहल ठरते ती रजेच्या हिशोबाने. मुलांच्या शाळा उन्हाळ्यात बंद, पुण्याहून आईबाबा आलेले तेव्हाच, लास वेगासचे दिवे पाहून संपलेले आणि हातात दोन दिवस शिल्लक. मग एक एक्सेल शीट उघडते. एका रकान्यात वेळ, दुसऱ्यात ‘पॉइंट’, तिसऱ्यात दशम्या कुठे खायच्या ते. महाबळेश्वरने आपल्याला पॉइंट मोजायला शिकवलं आहे आणि आपण अजून मोजतो आहोत. मला या शीटबद्दल एकच तक्रार आहे. तिच्यात उंचीचा रकाना नसतो. डेथ व्हॅलीत किती वाजता कुठे पोचायचं हे नंतर ठरवलं तरी चालेल. किती फुटांवर झोपायचं ते आधी ठरवावं. तंबू कुठे ठोकला यावर सगळी सहल उभी राहते किंवा आडवी होते.

पुरावा नकाशातच आहे. बॅडवॉटर हा या दरीचा तळ समुद्रसपाटीच्या २८२ फूट खाली आहे. समोरच्या पॅनामिंट रांगेतलं टेलिस्कोप शिखर ११,०४९ फुटांवर. खाली मिठाच्या पठारावर उभं राहून मान वर केली की सव्वाअकरा हजार फुटांचा फरक एका नजरेत मावतो. दर हजार फुटांना हवा साधारण दोन-अडीच अंश सेल्सियसने निवते. म्हणजे दरीच्या तळापासून ८,००० फुटांवरच्या महोगनी फ्लॅट या तंबूतळापर्यंत गेलं तर पंधरा-वीस अंशांचा फरक पडतो, आणि त्यासाठी ना एसी लागतो ना वीजबिल. खालची गत वेगळीच. दरी खोल, अरुंद, दोन्ही बाजूंनी डोंगरांनी बंद. तापलेली हवा वर चढते, जरा निवते, पुन्हा खाली बसते आणि बसताना दाबली जाऊन आणखी तापते. १० जुलै १९१३ रोजी इथे ५६.७ अंश सेल्सियस नोंदले गेले. त्या आकड्यावर हवामानतज्ज्ञ अजून भांडतात, पण भांडण कमी-जास्तीचं आहे, गारव्याचं नाही. जुलैत दुपारचं सरासरी कमाल तापमान ४७च्या आसपास असतं आणि रात्रही बऱ्याचदा तिशीच्या खाली उतरायला तयार नसते. अशा रात्री तंबूत झोपणं म्हणजे इडलीपात्रात जागा आरक्षित करणं. पाऊस म्हणाल तर वर्षाला सरासरी दोन इंच; मुंबईत तेवढ्याने लोकलच्या उशिराची घोषणासुद्धा होत नाही. पॅसिफिकवरून येणारे ढग सिएरा नेवाडा आणि मधल्या रांगांवर रिते होतात, दरीकडे फक्त त्यांची कोरडी सदिच्छा पोचते.

उन्हाळ्यात उंचावर मुक्काम करण्याचा हा शोध माझा नाही. टिंबिशा शोशोनी लोक शतकानुशतके या दरीत राहत आले. हिवाळ्यात खाली झऱ्यांजवळ, उन्हाळ्यात पॅनामिंटच्या डोंगरात, असा त्यांचा वर्षाचा बेत. वर गारवा आणि पाइनच्या बिया, खाली ऊब आणि पाणी. उलट १८४९च्या डिसेंबरात सोन्याच्या मागे निघून जवळची वाट शोधणारे गोरे स्थलांतरित इथे अडकले, हाल सोसून कसेबसे बाहेर पडले आणि जाताना दरीला मृत्यूचं नाव चिकटवून गेले. गंमत बघा, नाव ठेवणाऱ्यांनी इथला उन्हाळा पाहिलाच नव्हता. जवळच्या वाटेचा मोह मात्र अजून तसाच आहे. आता तो मोबाइलमधल्या बाईच्या आवाजात बोलतो आणि ओसाड कच्च्या रस्त्यांवर गाड्या घालायला लावतो. हे उद्यान म्हणजे साडेतीन गोवे मावतील एवढा मुलूख, आणि बहुतेक भागात फोनला रेंज नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो शीट करणाऱ्या जावईबापूंचा: बघायचं सगळं खालीच आहे, मग वर झोपून काय फायदा? खरं आहे, बॅडवॉटर खाली, मेस्किटची वाळू खाली, आर्टिस्ट्स पॅलेटचे रंगीत डोंगरही खालच्या अंगालाच. पण पहाटे उतरावं आणि दहाच्या आत गाडीत परत बसावं. उन्हाळ्यात सकाळी दहानंतर खालच्या भागात पायी हिंडू नका, असं उद्यानाचे रेंजरही सांगतात. शिवाय वाळवंट म्हणजे वाळूच वाळू, ही समजूत इथे फार टिकत नाही. वाळूचे डोंगर उद्यानाच्या एक टक्क्याहून कमी भागात आहेत. आणि ज्यांना दरी ‘बघायची’ आहे त्यांच्यासाठी डान्टेज व्ह्यू आहेच: साडेपाच हजार फुटांवरचा कडा, बरोब्बर बॅडवॉटरच्या डोक्यावर. खड्डा काठावरूनच चांगला दिसतो.

दुसरा आक्षेप जड आहे. महोगनी फ्लॅटला पाणी नाही आणि शेवटचा रस्ता इतका खडबडीत की भाड्याच्या सेडानला तो परवडत नाही. मान्य. मग मधला वाइल्डरोझचा तंबूतळ घ्या, ४,१०० फुटांवर. अर्धा गारवा मिळतो आणि रस्ताही माणसात आहे. पाणी मात्र कुठेही गेलात तरी गाडीत भरपूर हवं. लाकूडफाटाही बरोबर न्यावा. उद्यानात काटक्या गोळा करायला बंदी आहे, त्यामुळे चुलीवरच्या भाकरीची हौस आधीच विकत घ्यावी लागते.

तिसरा आक्षेप असा की लोक उष्म्यासाठीच तर येतात. येतात खरे. फर्नेस क्रीकच्या पर्यटक केंद्राबाहेर मोठा तापमापक आहे आणि जुलैत त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढणाऱ्यांत सगळे देश असतात. २०१३मध्ये तर जमिनीवर अंडी तळून बघणारे एवढे वाढले की चिकट बलक पुसून वैतागलेल्या उद्यानाला, कृपया हे करू नका, असं जाहीर सांगावं लागलं. पण फोटोला पाच मिनिटं लागतात आणि अंड्याला त्याहून थोडी जास्त. त्यासाठी कोणी तिथे मुक्काम करू नये.

हे सगळं टाळून थंडीत यावं, हा चौथा आक्षेप. खरं तर तो आक्षेपच नाही, तो शहाणपणा आहे. तेव्हा नियम तसाच, फक्त उलटा: उंचावर बर्फ, म्हणून समुद्रसपाटीखाली १९६ फुटांवरच्या फर्नेस क्रीकला तंबू, आणि त्याचं आरक्षण सहा महिने आधीपासून. पण सहा महिने आधी मराठी घरात फक्त हॉल ठरतो. त्यामुळे सहल जुलैतच होणार हे गृहीत धरून एवढंच सुचवतो, की आईने बॅगेत टाकलेला स्वेटर आणि बाबांची कानटोपी ‘डेथ व्हॅलीला कशाला?’ म्हणून बाहेर काढू नये. आठ हजार फुटांवर रात्री दोघांचीही मागणी वाढते, आणि ती बहुधा बाहेर काढणाऱ्याकडूनच येते.