विहिरीत उगवलेला हापूस

रत्नागिरीत नकाशे काढणाऱ्याला मोरी, जिना, खिडकी हे सगळं यावंच लागतं. पण त्याचा खरा कस लागतो तो आंब्याच्या कलमांत. घर चार खोल्यांचं आणि भोवती कलमं नजर पोचेल तिथवर, हे इथलं प्रमाण. नकाशात कलम म्हणजे एक वर्तुळ, त्याला नागमोडी कड, मध्ये टिंब. पूर्वी ही वर्तुळं ट्रेसिंग पेपरवर, प्लॅस्टिकच्या टेम्प्लेटमधून एकेक करून गिरवावी लागत. काही कचेऱ्यांत तर झाडाचा रबरी शिक्काच असे. ठप् ठप् करत बागायत उभी करायची.

१९८२ साली संगणकावर नकाशे काढणारं ऑटोकॅड आलं आणि शिक्का संगणकात शिरला. त्याला म्हणतात ब्लॉक. झाड एकदाच काढायचं, ब्लॉक करायचा आणि ‘इन्सर्ट’ म्हणत हवं तिथे ठेवायचं. ‘ॲरे’ म्हटलं की ओळीच्या ओळी. १९८६ मध्ये त्यात ऑटोलिस्प ही प्रोग्रॅम लिहायची भाषा आली, आणि ठेवायचं कामही यंत्रावर सोपवता येऊ लागलं. या भाषेत शब्द कमी, कंस फार. एक कंस मिटायचा राहिला की यंत्र रुसतं.

मीही असा प्रोग्रॅम लिहिला. नियम सरळ होता : हापूसची कलमं दहा बाय दहा मीटरवर, म्हणजे हेक्टरी शंभर. १९९० साली रोजगार हमीतून फळबागांची लागवड सुरू झाली, तेव्हापासून हा हिशेब इथे पोराटोरांनाही पाठ आहे. हद्द दाखवायची, एंटर मारायचा. चहा येईपर्यंत बाग तयार.

बाग तयार झालीही. एक कलम विहिरीत, एक गोठ्यात, एक बरोबर गडग्यावर. यंत्राला जमीन म्हणजे कोरा कागद. त्याने रत्नागिरी पाहिलीय कुठे?

बागेचे मालक अण्णा चष्मा लावून नकाशावर वाकले. “हा कोण इथे?” त्यांच्या लेखी कलम ‘काय’ नसतं, ‘कोण’ असतं. “इथे आजीने लावलेली बिटकी आहे. इथे राखणदार, तिथे खणायचं नाही. आणि हे गडग्यावरचं? अरे मेल्या, हे लावलंस तर माझा नातूसुद्धा कोर्टात तारखा घेत फिरेल!”

मग अपवाद लिहायला बसलो. विहीर सोडून, गोठा सोडून, राखणदार सोडून, शेजाऱ्याकडे फांदी जाणार नाही इतकं आत. नियमाची ओळ एकच राहिली, अपवादांची पानं झाली. त्यात झाडं एका मापाची दिसतात म्हणून प्रत्येकाला जरा फिरवणारी, जरा लहानमोठं करणारी सोय घातली. आधी खपून सगळं सारखं करायचं, मग खपून वेगळं करायचं : याला ऑटोमेशन म्हणतात.

ब्लॉकची एक जादू मात्र अण्णांना पटली. मूळ चित्र बदललं की नकाशातली सगळी झाडं एका क्षणात बदलतात. हापूसच्या जागी माड करून दाखवले, तेव्हा ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. “हे खऱ्या बागेत जमेल काय रे? आंब्याचा भाव पडला की कॅनिंगला घालण्यापेक्षा एका रात्रीत काजू करून टाकू.”

शेवटी प्रोग्रॅमने झाडं मांडली आणि मोजूनही दिली : त्र्याहत्तर. अण्णांनी बोट ठेवत सगळी पडताळली.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. मग खुर्ची पुढे ओढून आवाज खाली आणला. “आता माझ्या बाजूला चार वाढव, आणि शेजाऱ्याची चार कमी कर. एवढं येतं ना तुझ्या मशीनला?”

म्हटलं, नाही हो अण्णा, हे काम अजून हातानेच करावं लागतं.