आरव्हीतून आलेले काका

ओहोटीला उरणच्या मोरा बंदरात गाळ वर येतो आणि भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच खोळंबते. त्या वेळी धक्क्यावर एक गृहस्थ हमखास भेटतात. डोक्यावर अस्वलाचं चित्र असलेली टोपी आणि ऑक्टोबरच्या उकाड्यातही अंगात बिनबाह्यांचं फुगीर जॅकेट. असे काका आता पनवेल-उरणच्या सोसायट्यांमधून जागोजागी सापडतात. मुलगा अमेरिकेत असतो. व्हिसावर सहा महिने राहायचं, उन्हाळाभर नातू सांभाळायचा. मग परतीच्या तोंडावर मुलगा आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, भाड्याने घेतो आणि ‘फॉल कलर्स’ दाखवून हिशेब चुकता करतो.

“तिकडचा फॉल म्हणजे...” काका डोळे मिटतात. आता मेपलची लाल पानं येणार म्हणून आपण सावरून बसतो. येते ती टाकी. “मोरीच्या पाण्याची टाकी वेगळी, संडासाची वेगळी! आणि रिकामी आपण करायची. हातमोजे घालून, स्वतः!” ज्या माणसाने उभ्या आयुष्यात घरातलं न्हाणीघर धुतलं नाही, त्याचा चेहरा हे सांगताना उजळतो.

व्हर्जिनियातल्या शेनान्डोआ नॅशनल पार्कमधला स्कायलाइन ड्राइव्ह १०५ मैलांचा, वेगाची मर्यादा ताशी ३५ मैल, वाटेतल्या बोगद्याची उंची १२ फूट ८ इंच, हे त्यांना तोंडपाठ. त्या बोगद्याआधी मुलाने गाडीची उंची कशी ताडून पाहिली, हे ते शाहिराने पावनखिंड गावी अशा आवेशात सांगतात. पानांचं शास्त्रही फलकावर वाचून आलेत: दिवस लहान होतात, थंडी पडते, हरितद्रव्य ओसरतं आणि आधीपासून दडलेला पिवळा रंग उघडा पडतो, लाल मात्र झाड त्या वेळी नव्याने तयार करतं.

“आणि अस्वल?”

“दिसलं ना! म्हणजे, मुलाला दिसलं. मी तेव्हा टाकीत पाणी भरत होतो.”

टोपली घेऊन बसलेली मावशी एवढा वेळ ऐकत असते. “पान पिकला का गलनारच, काका. त्याला बघाला अमेरिकेन कशाला जावाचा?”

काका तिच्याकडे क्षमाशील नजरेने पाहतात. आपल्याकडे कोशिंब लाल होतो तो फाल्गुन-चैत्रात, तोही नवी पालवी फुटताना, हे त्यांना सांगून उपयोग नसतो. त्याला तिकीट नाही, आरक्षण नाही. थंडी आली की लडाख-तिबेटकडचे कुरव लाँचमागे कलकलाट करत येतात, तेव्हा काका मोबाइलवर हरणांचे फोटो दाखवत असतात. पाणज्याच्या पाणथळीत रोहित पक्षी उतरले तर म्हणतात, “हो, पण कॅम्पसाइट कुठाय?”

काकूंची हकिगत निराळी आहे. “कसले रंग नि कसलं काय! मी आत पोळ्या लाटत होते. वळण आलं की पोळपाट एकीकडे, लाटणं दुसरीकडे. खिडकीतून पिवळं काहीतरी पळताना दिसलं, तेच बहुतेक.” खरा प्रवास मला काकूंचाच वाटतो.

तेवढ्यावर काका थांबलेले नाहीत. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्याचं कात्रण त्यांच्या पाकिटात आहे. एखादा जुना टेम्पो घ्यायचा, आत गादी, शेगडी, टाकी बसवायची आणि पहिली मोहीम कर्नाळा पक्षी अभयारण्यावर काढायची. कर्नाळा मोऱ्याहून सकाळी निघून दुपारच्या जेवणाला घरी परतण्याइतकं जवळ आहे, हे कुणीतरी दबकत बोलून पाहिलं. “मुक्काम करायचा हो! स्वर्गीय नर्तक असा जेवणाच्या वेळा सांभाळून दिसतो का?”

“मुक्काम करा,” काकू शांतपणे म्हणाल्या, “पण ती टाकी कर्नाळ्यात ओतणार कुठे?”

काका जरा वेळ गाळात रुतलेल्या लाँचकडे बघत राहिले. मग म्हणाले, “ते बघू. हातमोजे तर आणलेत.”