प्युरिटन वसाहत कशी काढावी

आधी सनद मिळवा. राजा पहिला चार्ल्स याने १६२९मध्ये मॅसॅच्युसेट्स बे कंपनीला दिली, तशी. कंपनीच्या बैठका कुठे भरवायच्या, हे त्या सनदेत लिहायचे राहून गेले असेल तर कोणालाही आठवण करून देऊ नका. कागद पेटीत घाला आणि पेटी जहाजावर चढवा. राजा लंडनला आणि सनद समुद्रापार, कारभाराला याहून सोयीची मांडणी नाही.

प्रवासाची वेळ मात्र कंपनीचे गव्हर्नर जॉन विन्थ्रॉपसाहेब यांच्यासारखी साधू नका. त्यांचे ‘आर्बेला’ जहाज १६३०च्या जूनमध्ये सेलमला लागले, तेव्हा पेरणीचे दिवस सरले होते. पहिल्या वर्षात सुमारे २०० माणसे दगावली. फेब्रुवारीत ‘लायन’ जहाज लिंबाचा रस घेऊन आले, तेव्हा स्कर्व्हीने खंगलेले लोक सावरू लागले.

जागा शोधताना पाणी पाहा. चार्ल्सटाउनला चांगले पाणी मिळेना, तेव्हा पलीकडच्या शॉमट भूशिरावर एकांतात राहणाऱ्या ब्लॅक्स्टन नावाच्या पाद्र्याने आपल्याकडचा झरा दाखवला आणि बॉस्टन वसले. शेजार असा लाभल्यावर काही वर्षांतच ब्लॅक्स्टन तिथून निघून गेला. मूळ रहिवाशांची शेते काही ठिकाणी आयती मोकळी मिळतील. १६१६ ते १६१९च्या साथीने गावेच्या गावे ओस पडली होती. तरीही वसाहतीच्या शिक्क्यावर एक इंडियन ‘या, मदत करा’ म्हणताना कोरून घ्या. शिक्का इंग्लंडमध्येच बनतो, त्यामुळे त्याला विचारण्याचा प्रश्न येत नाही.

आता दिनक्रम. घर प्रार्थनागृहापासून अर्ध्या मैलाच्या आत बांधा, असा १६३५चा हुकूम आहे. रविवारी शेकोटी नसलेल्या त्या इमारतीत दोन प्रवचने ऐका, एक सकाळी, एक दुपारी. वाळूचे घड्याळ उलटे केले तर प्रवचन संपले असे समजू नका. ते पुन्हा भरायला ठेवले आहे. १६५९नंतर नाताळ साजरा केलात तर पाच शिलिंग दंड. मत द्यायचे असेल तर चर्चच्या मंडळीचे सदस्य व्हा, आणि त्यासाठी देवाची कृपा आपल्यावर कशी झाली ते जमलेल्यांना पटवून द्या. हिशेबही चोख ठेवा. एडवर्ड पामर नावाच्या सुताराने बॉस्टनचा खोडा बनवून जादा पैसे लावले, म्हणून १६३९मध्ये त्याला दंड झाला आणि त्याच खोड्यात तासभर बसावे लागले. (नव्या कामाची इतकी कसून चाचणी क्वचितच होते.)

धर्माचे स्वातंत्र्य? ते मिळवायलाच तर आपण आलो. आपल्याला मिळाले, विषय संपला.

वसाहत वाढवायची असेल तर वेगळे विचार मांडणाऱ्याला हद्दपार करा. रॉजर विल्यम्सला १६३५मध्ये घालवले. तो बर्फातून वाट काढत गेला आणि पुढच्या वर्षी त्याने प्रॉव्हिडन्स वसवले. अॅन हचिन्सनलाही तिकडेच जावे लागले. नव्या वसाहतीच्या सनदेची काळजी तुम्ही करू नका. ती हाकललेला माणूस स्वतः मिळवतो. विल्यम्सने १६४४मध्ये मिळवली.