पाणी येणार (पुढील ओळीत) नाही

ईमेलमधली ओळ कुठे मोडावी, हे लिहिणाऱ्याच्या हातात नसते. वाचणाऱ्याच्या तर नसतेच. तो अधिकार मधल्या प्रोग्रॅमांचा, आणि त्यांना जाब विचारला तर ते १९२८ सालच्या एका पुठ्ठ्याकडे बोट दाखवतात. त्या वर्षी आयबीएमने ऐंशी रकान्यांचे पंचकार्ड काढले. पुढे टर्मिनले आली. कार्डावर ऐंशी म्हणून त्यांच्या पडद्यावरही ऐंशी. कार्डे रद्दीत गेली, टर्मिनले भंगारात गेली. ऐंशीचा आकडा मात्र अजून सेवेत आहे. त्याला निवृत्तीचे वय लागू नाही.

आरएफसी ५३२२ या २००८ सालच्या नियमपत्रकात ओळीला दोन मर्यादा दिल्या आहेत. ९९८ अक्षरांपुढे जाता कामा नये, आणि ७८ च्या पुढे न गेलेले बरे. ओळीच्या शेवटी आणखी दोन अदृश्य अक्षरे बसतात : एक गाडा डावीकडे परत नेण्याचा हुकूम, दुसरा कागद एक ओळ वर सरकवण्याचा. दोन्ही टेलिप्रिंटरच्या जमान्यातले. गाडाही नाही, कागदही नाही, हुकूम रोज सुटतात. ही दोन मिळवली की बेरीज १००० आणि ८० अशी वाटोळी होते. वाटोळे इथूनच सुरू होते.

साध्या मजकुराच्या पत्राला उत्तर देताना प्रोग्रॅम मूळ पत्राच्या प्रत्येक ओळीआधी '>' हे चिन्ह आणि एक मोकळी जागा घालतो. म्हणजे प्रत्येक उत्तरागणिक ओळ दोन अक्षरांनी लांबते. आता एखाद्या गृहनिर्माण सोसायटीची ही सूचना घ्यावी : 'सोमवारी गच्चीवरील टाकी धुण्याचे काम असल्याने सकाळी सात ते अकरा पाणी येणार नाही'. काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त सुटे मोजले (संगणक तसेच मोजतो), तर ही ओळ बरोबर ७८ अक्षरांची आहे. सेक्रेटरींनी नियम पाळला. पहिल्या उत्तरात ती ८० झाली, तरी बसली. दुसरे उत्तर खजिनदारांचे. त्यात ती ८२ झाली आणि प्रोग्रॅमने ऐंशीवर कात्री चालवली :

> > सोमवारी गच्चीवरील टाकी धुण्याचे काम असल्याने सकाळी सात ते अकरा पाणी येणार
नाही

खाली पडलेल्या 'नाही'ला चिन्ह उरलेले नाही, त्यामुळे तो शब्द खजिनदारांचा ठरतो. तिसऱ्या उत्तरात त्याला एकच '>' लागते आणि नोंद पक्की होते : सेक्रेटरी पाणी देत होते, खजिनदारांनी अडवले. पुढची सर्वसाधारण सभा कशावर गाजणार, हे एका मोकळ्या जागेने ठरवून टाकले. इंग्रजीत नकार क्रियापदाच्या आधी येतो, त्यामुळे तो सहसा ओळीच्या पोटात सुरक्षित राहतो. मराठीत तो वाक्याच्या शेपटाला असतो, आणि कात्री शेपटापासूनच लागते. मोडी लिहिणारा कारकून आधी पानभर आडवी रेघ ओढी आणि अक्षरे तिला टांगत जाई. रेघ संपली की खालच्या रेघेवर. त्याच्या ओळीही वाटेल तिथे तुटत, पण एकाचा शब्द दुसऱ्याच्या तोंडी जात नसे.

ईमेलमधल्या या तुटातुटीवर १९९९ मध्ये आरएफसी २६४६ ने तोडगा काढला आणि २००४ मध्ये आरएफसी ३६७६ ने तो सुधारून घेतला. ओळीच्या शेवटी मोकळी जागा असेल तर ओळ केवळ सोयीसाठी मोडली आहे, वाचणाऱ्या प्रोग्रॅमने ती पुढच्या ओळीला जोडून घ्यावी. जागा नसेल तर ओळ खरोखर संपली. तोडगा उत्तम आहे. फक्त त्याची सारी मदार डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीवर आहे, आणि वाटेतला एखादा प्रोग्रॅम ती कचरा समजून झाडून टाकतो. थंडरबर्डला ही खूण कळते. आउटलुकचा मार्ग वेगळा : साध्या मजकुरात जादा वाटणाऱ्या ओळमोडी तो आपणहून काढतो आणि तसे माथ्यावर बारीक अक्षरांत कळवतो. ज्याला वाण्याची यादी पाठवली, त्याला साखर, रवा, पोहे आणि फिनेल एकाच दमात वाचायला मिळू शकतात.

देवनागरीचे हाल आणखी निराळे. यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट खाते. जुन्या वाटांवरून फक्त साधी इंग्रजी अक्षरे जातील अशी धास्ती असल्याने 'क्वोटेड-प्रिंटेबल' पद्धतीत असा प्रत्येक बाइट तीन अक्षरांनी लिहितात. 'म' प्रवासाला निघतो तो 'बरोबर, ई, शून्य, बरोबर, ए, चार, बरोबर, ए, ई' अशा वेषात. नऊ अक्षरे एका 'म'ची, पंचेचाळीस 'मराठी'ची. या पद्धतीत ओळ ७६ अक्षरांची, म्हणजे एका ओळीत देवनागरीची आठ चिन्हे. विषयाच्या ओळीत एका तुकड्याला ७५ अक्षरांची मुभा आहे. दुसऱ्या, 'बेस-६४' पद्धतीने त्यात पंधरा चिन्हे मावतात. तुकडा अक्षराच्या मधोमध तोडू नये, असा स्पष्ट नियम आहे. तो न पाळणाऱ्या प्रोग्रॅमांची कामगिरी काळ्या चौकटीतल्या प्रश्नचिन्हाच्या रूपाने पाहायला मिळते.

ओळींच्या या जाचातून सुटायची आणखी एक वाट म्हणजे एचटीएमएल ईमेल : ठळक, तिरपे, रंगीत. त्यात ओळ पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपोआप वळते. पण २००७ च्या आवृत्तीपासून विंडोजवरच्या आउटलुकने अशी पत्रे दाखवण्याचे काम ब्राउझरच्या यंत्रणेकडून काढून वर्डकडे दिले. बरी दिसणारी पत्रे त्यात वाकडी झाली. याच वर्डने टाइप केलेल्या हसऱ्या चेहऱ्याच्या जागी विंगडिंग्ज फॉन्टमधले चित्र बसवले. तो फॉन्ट जिथे चालत नाही, तिथे चित्र गळते आणि इंग्रजी 'जे' उरतो. साहेबांनी रजा नामंजूर करून शेवटी 'जे' का लिहिले, यावर अनेक कचेऱ्यांत चहा गार झाला असेल.

एचटीएमएल पत्राला उत्तरे चिकटत जातात, तशी प्रत्येकाची सही, हुद्दा, रंग आणि 'कृपया कागद वाचवा' ही विनंतीही चिकटते. या साऱ्या सजावटीचा कोड १०२ केबीच्या पुढे गेला की जीमेल पत्र तिथेच छाटते आणि उरलेले पाहायला एक दुवा देते. नवे उत्तर वर, जुने खाली, अशी रीत असल्याने छाटला जातो तो तळ. टाकी धुण्याची मूळ सूचना तिथे असते.